अबकारीचा घोट

बिअर म्हणजे काय हे एकेकाळी मी ठरवत असे, आणि तेही एक थेंब न चाखता. ही बढाई नाही, नोकरी होती. नुकती लग्न होऊन मुंबईत आले होते, संस्कृत घेऊन एम.ए. झाले होते आणि इंग्रजी कायदे मराठीत आणणाऱ्या एका सरकारी कचेरीत मला अनुवादकाची जागा मिळाली होती. पहिल्याच वर्षी माझ्या टेबलावर दारूबंदीचे नियम येऊन पडले. देशी मद्य, विदेशी मद्य, ताडी, मळी, मोहाची फुलं, सगळ्यांच्या व्याख्या. त्यातली एक अशी होती की बिअर म्हणजे एल, स्टाउट, पोर्टर आणि माल्ट, म्हणजे मोड आणलेले जव, आंबवून केलेली बाकीची तत्सम पेयं. आमच्या विदुषीने, म्हणजे मीच, कोश उघडले, भुवया चढवल्या आणि हा सगळा परका जमाव एका शब्दात कोंडला: यवसुरा.

आमचे साहेब शांत गृहस्थ. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, उद्या कुणी हॉटेलात जाऊन म्हणाला, एक थंडगार यवसुरा द्या, तर मालक वैद्याला बोलावेल."

"साहेब, शब्द रुळवावा लागतो."

"ते खरं. पण तुम्ही ही वस्तू कधी चाखली आहे का?"

"कायद्याला चव नसते, साहेब."

हे वाक्य मी मान ताठ करून म्हटलं होतं. आज आठवलं की त्या पोरीच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटते. साहेबांनी यवसुरा खोडली आणि वर सुवाच्य अक्षरात बिअर लिहिलं. मी दोन दिवस कचेरीतला चहा घेतला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी येऊन मी हा अन्याय नवऱ्याला सांगितला. ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. कारण असं की ज्या वस्तूवर मी एवढा अभ्यास करत होते ती आमच्या घरात दर रविवारी येत होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. ह्यांच्याकडे रीतसर परवाना होता. त्या काळी तो डॉक्टरच्या दाखल्याने मिळे आणि त्यावर कारण असे, प्रकृतीच्या रक्षणासाठी. प्रकृती म्हणाल तर पैलवानाची. दोन जिने एका दमात चढून येणारा माणूस कायद्याच्या नजरेत आजारी होता, आणि मी, जिला रोज दुपारी डोकं धरून बसावं लागे, ती ठणठणीत.

रविवारी बाजारातून येताना पिशवीत तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली, वर मेथीची जुडी. जुडी माझ्या समाधानासाठी. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांच्याही पिशव्यांत मेथी असे. जेवणाआधी मागच्या गॅलरीत स्टूल टाकून हे बसत. पुढच्या गॅलरीत तुळस होती, म्हणून तिकडे मनाई. हे कलम मी घातलेलं. पेलासुद्धा वेगळा, जाड बुडाचा, त्याची फळी वेगळी, आणि तो घासायची चिंधीही वेगळी. माझ्या घरातली ही नियमावली सरकारी नियमांपेक्षा बारकाईची होती.

बाटली संपत आली की हे पेल्यात एक घोट ठेवून द्यायचे.

"अगं, अबकारी ठेवली आहे."

"म्हणजे काय?"

"सरकारचा वाटा. तू सरकार. घे, नाहीतर माझ्यावर खटला भरशील."

"अहो, काहीतरीच. उचला तो पेला."

"सरकारचा माल मी कसा उचलू? गुन्हा आहे."

मग तो पेला तसाच गॅलरीच्या कठड्यावर राही. हे उचलत नसत, मी हात लावत नसे. सोमवारी सकाळी कचेरीला निघायच्या घाईत मीच तो दोन बोटांत धरून मोरीत नेई, नाक मुरडी, ओती आणि विसळी. रागाने विसळी, पण नीट विसळी. परवाना होता तोवर तर हे चाललंच. पुढे परवान्याला कुणी विचारेनासं झालं, आमची जागा बदलली, लेक मोठी झाली, सिंगापूरला गेली, पण रविवारची अबकारी काही चुकली नाही. आणि तिची वसुली मी एकदाही केली नाही.

हे गेल्यावर लेक मला इथे घेऊन आली. पुंगोलला पाण्याजवळ त्यांचा फ्लॅट आहे, खालून एलआरटी नावाच्या रेल्वेचे दोन छोटे डबे खेळण्यासारखे गोल गोल फिरत असतात. सगळं छान आहे. माझ्याकडे ह्यांचे फोटो आहेत, फोनमध्ये आवाज आहे, "अगं, किल्ली कुठे ठेवलीस" एवढंच बोलणं, पण आहे. नव्हता तो वास. येताना ह्यांचा एक शर्ट न धुता आणला होता. सहा महिने तो कपाटात होता, मग त्याला कपाटाचाच वास लागला. माणूस गेल्यावर सगळ्यांत आधी त्याचा वास जातो, आणि मागे ठेवायला त्याला कुठली बाटली नसते.

मला आठवत होता तो एकच, आमच्या रविवारचा. आंबूस, कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा असतो ना, त्याच्या जवळचा, आणि त्यात पितळेच्या भांड्यासारखं काहीतरी. तो डोक्यात पक्का होता, नाकात मात्र कुठूनही येत नव्हता.

आता माझ्या नातीकडे येते. ती इथेच जन्मली, वकील झाली, तांजोंग पगार नावाच्या इथल्या भागात नोकरीला आहे. बार आणि हॉटेलांच्या परवान्यांची कामं तिच्याकडे येतात. म्हणजे माझंच खातं, फक्त पगार बरा. माझ्याशी मराठी बोलते, पण वाक्य कुठल्या स्टेशनावर गाडी बदलेल याचा नेम नाही, आणि शेवटाला इथल्या लोकांसारखं लाह चिकटतं. कोविडमध्ये घरात बसून बसून तिला बिअर करायचा नाद लागला, तो सुटलाच नाही.

लेकीने पहिल्या दिवशी डोक्याला हात लावला. "आई, बघ, घरात हातभट्टी घातली हिने."

इथे माझ्यातली जुनी अनुवादक जागी झाली. "भट्टी नाही गं. भट्टीत वाफ करून गाळतात. ही नुसती आंबवते. कायद्यात दोन्ही वेगळी."

"करेक्ट," नात म्हणाली. "गाळली तर पोलीस. आंबवली तर ओके, घरी प्यायला, विकायची नाही. आजी इज ऑन माय साइड, लाह."

त्या दिवसापासून मी तिच्या पार्टीत गेले. इथल्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर असतं, जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची खोली, लढाई झाली तर लपायला. लढाई नाही तोवर लोक त्यात सुटकेसी ठेवतात. आमच्याकडे त्यात नातीचं पिंप आलं. बिअरला इथली उष्णता सोसत नाही, म्हणून पिंप पाण्याच्या टबात उभं करून त्याभोवती ओला टॉवेल गुंडाळायचा आणि टबात बर्फाच्या बाटल्या बदलत राहायच्या. दिवसा ते काम माझं. माठाला ओलं फडकं गुंडाळणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं? झाकणावरच्या नळीतून बुडुक बुडुक आवाज येई. दुपारी घरात कुणी नसताना मी तिथे स्टूल टाकून बसे. घरात आणखी कुणीतरी श्वास घेतंय असं वाटे.

नात मला ऑफिसातून गमती आणून सांगे. जुन्या इंग्लंडात बिअर करणं म्हणे बायकांचंच काम होतं, घरोघरी, आपल्या पापडलोणच्यासारखं. एल वेगळी आणि बिअर वेगळी. एल म्हणजे नुसती धान्याची, बिअर म्हणजे हॉप नावाची कडू फुलं घातलेली. कुठे कुठे तर एलमध्ये हॉप घालायला बंदी होती आणि दोघांचे कारागीरही वेगवेगळे होते. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडून वेगळं ठेवलेलं आमच्या विदुषीने एका दुपारी यवसुरा म्हणून एकत्र कालवलं होतं.

एकदा बिअर काढलेल्या धान्यावर पुन्हा पाणी ओतून दुसरी पातळ बिअर काढत, ती मुलांना आणि नोकरांना. तिचं नाव धाकटी बिअर. मी म्हटलं, हा तर आमच्या कचेरीतला चहा. लग्नाची एल असे, नवरीकडची माणसं ती करत आणि पाहुणे पैसे देऊन पीत, म्हणजे आहेर. हे शब्द ऐकताना मजा येई. तरुणपणी मी यातला एकेक शब्द पकडून त्याला संस्कृत कपडे घातले असते. आता नुसतं ऐकत होते.

पण मला सगळ्यांत आवडला तो चाखणारा. गावाने नेमलेला माणूस. बाईची एल तयार झाली की ती दारावर काठीला झाडू बांधून बाहेर काढे. झाडू दिसला की चाखणारा येई, चव घेई, आणि एल खराब निघाली तर बाईला दंड, कधी चारचौघांत शिक्षा. चाखणाऱ्याला आधी शपथ घ्यावी लागे की मी खरंच सांगेन.

"आजी, यू बी माय चाखणारा," नात म्हणाली.

"मी पीत नाही, ठाऊक आहे ना?"

"मग कसं चाखणार?"

"नाकाने. मला एक वास हवा आहे." आणि मी तिला आजोबांच्या रविवारबद्दल सांगितलं. पुष्कळसं आधीच माहीत होतं तिला, अबकारीचं मात्र नव्हतं. मग तिने माझा हात धरून पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि माझ्याकडून शपथ घेतली. खरं सांगेन, नातीला बरं वाटावं म्हणून पास करणार नाही.

झाडूही निघाला. बिअर बाटल्यांत भरून तयार झाली की मी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये झाडू उलटा उभा करी, म्हणजे संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडताच नातीला दिसावा. लेक चिडे. "आई, लक्ष्मी आहे ती, उलटी काय उभी करतेस?" समोरच्या चिनी आँटीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "वाय ब्रूम आउटसाइड? गेस्ट नॉट गोइंग होम, आह?" नको असलेला पाहुणा जावा म्हणून झाडू उभा करायचा, असं तिची आई मानायची म्हणे. मी म्हटलं, नाही, गेस्ट यावा म्हणून. ती हसून आत गेली. तिच्या नवऱ्यालाही जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

आणि मग एकेक पिंप नापास होऊ लागलं. पहिलं उघडलं तर संत्र्याच्या सालीचा वास. "नाही." दुसऱ्यात हॉप कमी केले, तर पावाचा. "नाही." मग तिने धान्य भाजून पाहिलं, कॉफीचा आला. मी सांगितलं म्हणून एकदा गुळाचा खडा घातला, तर चिक्कीसारखा. एकदा बाटली उघडल्याबरोबर मी डोळे मिटले आणि नात श्वास धरून उभी राहिली. जवळ होता, अगदी जवळ, जिन्याखालपर्यंत आला होता म्हणा ना. वर आला नाही.

"सॉरी, बाळ."

"इट्स ओके. शपथ आहे तुझी." पण तिचा चेहरा पडला होता. एव्हाना तो वास तिलाही हवा होता. आजोबा गेले तेव्हा ती परीक्षेला बसली होती, तिला निघता आलं नव्हतं.

यंदा तिच्या फर्मने तिला दोन वर्षांसाठी लंडनला पाठवायचं ठरवलं. ज्यांच्या कायद्यांवर आम्ही दोघी हसत होतो त्यांच्याच गावात. माझ्या वयाला दोन वर्षं हा शब्द जपून वापरावा लागतो. तो आम्ही वापरलाच नाही. "अजून एक पिंप होईल," एवढंच ती म्हणाली.

त्या शेवटच्या पिंपाला मी बर्फ असा बदलला की बाळंतिणीची शेक-शेगडी कुणी तशी केली नसेल. भाजलेलं धान्य नाही, गूळ नाही, साधी, पिवळी, त्या वेळी मिळे तशी. बाटल्या भरल्या, दिवस गेले. लेक-जावई एका लग्नाला पुण्याला गेले होते. रविवारी सकाळी मी झाडू बाहेर उभा केला. नात घरातच होती, तरी केला.

दुपारी जेवणाआधी तिने बाटली उघडली. दोन पेल्यांत ओतली, माझ्या पेल्यात बोटभर. मी नाकाशी नेला.

चांगला वास होता. ताजा, स्वच्छ, धुतलेल्या अंगणासारखा. आमचा नव्हता.

मी शपथ विसरले. "हो," म्हणाले, "हाच गं."

नातीने माझ्याकडे पाहिलं. वकिलांच्या घरात खोटं बोलू नये. "आजी. चाखणारा असं करत नाही."

"नाही. हा नाही," मी म्हटलं.

तिने आपला पेला पीत पीत जेवण केलं. तळाचं थोडं राहू दिलं, घरच्या बिअरमध्ये खाली गाळ बसतो, तो ती पीत नाही. माझी बोटभर तिने सिंकमध्ये ओतली, पेला धुतला आणि मित्रमैत्रिणींकडे गेली, त्यांनी तिला निरोपाचं जेवण ठेवलं होतं. तिचा पेला टेबलावरच राहिला. एरवी लेक घरात एक चमचा खरकटा राहू देत नाही, इथे मुंग्या फार. त्या दिवशी लेक नव्हती, आणि मला उठावंसं वाटलं नाही. संध्याकाळी एलआरटी फिरत राहिली, मी खिडकीत बसून राहिले, आणि लवकरच झोपले.

सोमवारी सकाळी चहाला उठले. ओटा आवरायचा म्हणून टेबलावरचा पेला उचलला, दोन बोटांत. जुनी सवय. सिंककडे निघाले आणि मधेच थांबले.

गॅलरीचा कठडा. खाली दूधवाल्याची सायकल. स्नान करून आलेले हे, टॉवेलने डोकं पुसत, "अगं, सरकार उठलं का?" भिजवलेला गहू आणि पितळ. सगळं त्या पेल्यात होतं, तळाच्या घोटात, रात्रभर उघडा राहून विटलेल्या.

मी पेला धरून स्वयंपाकघरात उभीच राहिले. मग हसू यायला लागलं आणि त्याच्याबरोबर जे यायचं ते आलं. काय बाई होती ती. रविवारी ताजी बाटली उघडली जात होती तेव्हा ही नाकाला पदर लावून स्वयंपाकघरात, दार बंद. आमच्या रविवारचा वास हिने कधी घेतलाच नव्हता. हिला माहीत होता तो सोमवारचा, शिळा, तोही नाइलाजाने, मोरीपर्यंत नेताना. आणि इतकी वर्षं जपून ठेवला तो हा. बिचाऱ्या नातीने एवढी पिंपं ताजी काढली, आणि हिने एकेक नापास केलं, का, तर ती विटलेली नव्हती म्हणून.

नात गळ्यात ऑफिसचा पास अडकवून बाहेर आली, केस अजून ओले.

"आजी? काय झालं? रडतेस?"

"हा," मी पेला पुढे केला. "हा वास."

तिने हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "धिस? आजी, ही फ्लॅट झालीये, फेस गेलाय. खराब. कालची आहे."

"आजोबाही घोटभर ठेवायचे. मी दुसऱ्या दिवशी धुवायची."

तिने पुन्हा पेला घेतला, पुन्हा नाकाशी नेला, आता डोळे मिटून, आणि बराच वेळ धरला. "ओ," ती म्हणाली. "हाय, आजोबा."

पेला तिच्या हातून घेतला आणि मी तो घोट प्यायले. देवाशपथ सांगते, वाईट होता. कोमट, कडवट, तळाला गाळ. यवसुरा म्हणण्याच्या तर मुळीच लायकीचा नव्हता.

"कशी आहे?"

"घाण."

"मग पास की नापास?"

"पास," मी म्हटलं. "अबकारी वसूल झाली."

ती ऑफिसला निघताना दारात थांबली, झाडू आत घेतला आणि जागेवर नीट आडवा ठेवला. म्हणाली, बाकीच्या बाटल्या मित्रांना वाटून टाकते, तू तर पीत नाहीस. मी म्हटलं, एकही हलवायची नाही, त्या माझ्या.

"यू? पिणार?"

"रविवारी एक उघडीन. तुझ्या आईला आणि बाबांना देईन. घोटभर पेल्यात ठेवायचा, सोमवारपर्यंत."

"आजी, बिअर अशी नसते प्यायची, लाह."

"ठाऊक आहे मला."

ती लंडनला गेली तेव्हा बॉम्ब शेल्टरमध्ये बाटल्यांची एक रांग होती, आता ती थोडी आखूड झाली आहे. लेकीने सुरुवातीला कटकट केली, रात्रभर पेला उघडा ठेवतेस, मुंग्या येतील. त्यावर आमच्या आईचा उपाय होता. मी ताटलीत पाणी घालते आणि पेला त्यात मधोमध ठेवते. मुंग्या काठापर्यंत येतात, पाणी बघतात आणि परत जातात. सोमवारी सकाळी लंडनमध्ये अजून रात्र असते, म्हणून मी नातीला फोन करत नाही. पेला उचलते, आणि दोन बोटांत नाही, मुठीत धरते.